मोकळ्या जागेचा अर्थनिर्णय : आज्ञावलीची मांडणी करणारी साधने आणि संदिग्ध वाक्यरचना – एक चिकित्सा

प्रस्तावना

मोडी लिपीतील पत्र बालबोधीत उतरवून घेणाऱ्या अभ्यासकाला अक्षरे लागली म्हणजे पत्र लागले, असे होत नाही. मोडी लिहिणारा प्रथम ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग शक्य तितका हात न उचलता अक्षरे लिहीत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नसे. आणि विरामचिन्हे तर मराठीत मेजर थॉमस कॅन्डी यांच्या प्रयत्नांनंतरच रुळली. अशा लेखनात 'तीनगेली' ही चार अक्षरे आली तर ती 'तीन गेली' अशी वाचावीत की 'ती न गेली' अशी, याचा निर्णय त्या चार अक्षरांत सापडत नाही. पत्रात वर गुरांचा हिशेब चालला असेल तर पहिले वाचन खरे. माहेरी आलेल्या लेकीचा विषय असेल तर दुसरे. बालबोधी प्रत करणारा जेथे जागा सोडतो तेथे तो अर्थ ठरवून मोकळा होतो, आणि त्याची प्रत वाचणाऱ्याला दुसऱ्या वाचनाची शंकाही येत नाही.

संगणकाच्या आज्ञावलीतही नेमका हाच प्रसंग उद्भवतो. कडा येथील महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने बाजारात आलेल्या कांद्याचा हिशेब करणारी आज्ञावली सी भाषेत लिहिली आणि तीत 'वजन * दर;' अशी ओळ आली, असे समजू. (नावे येथे वाचकांच्या सोयीसाठी मराठीत घेतली आहेत, जीसीसी या कंपायलरच्या २०२० मधील दहाव्या आवृत्तीपासून अशी देवनागरी नावे थेट लिहिताही येतात.) 'वजन' हे चल असेल तर ही ओळ गुणाकाराची आहे. परंतु त्याआधी कोठेतरी टाइपडेफ या आज्ञेने 'वजन' हे एका प्रकाराचे नाव म्हणून ठरविले गेले असेल, तर येथे गुणाकार मुळीच नाही. ती 'दर' नावाचा पॉइंटर, म्हणजे स्मृतीतील पत्ता धारण करणारे चल, जाहीर करणारी ओळ होय. दोन्ही वेळी अक्षरे तीच, चिन्ह तेच, क्रमही तोच.

आज्ञावलीतील रिकाम्या जागा, ओळींचे तुकडे आणि समासापासूनचे अंतर एकसारखे करून देणारी जी साधने आहेत, त्यांना फॉरमॅटर म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना 'मांडणी-साधने' असे म्हटले आहे. गुणाकार असेल तर ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना जागा, पॉइंटर असेल तर तारा नावाला चिकटलेला, अशी लेखनाची सर्वसाधारण रूढी आहे. म्हणजे जागा सोडण्याआधी साधनाला अर्थ ठरवावा लागतो. मांडणी-साधन हे केवळ झाडलोट करणारे साधन आहे, त्याचा अर्थाशी संबंध नाही, हा जो समज अध्यापनात आणि व्यवहारातही रूढ आहे, तो या एका ओळीपुढे टिकत नाही. मांडणी-साधन हे वाचन करणारे आणि आपले वाचन दुसऱ्यावर लादणारे साधन आहे. म्हणून त्याची चिकित्सा संपादकाच्या कसोट्यांनी व्हावयास हवी.

संदिग्धतेचे स्वरूप

संदिग्धतेचे सर्व प्रकार सारखे नसतात. काही प्रकार भाषेच्या नियमानेच मिटलेले असतात, फक्त मनुष्याच्या डोळ्याला ते संदिग्ध दिसतात. अल्गोल ६० या भाषेपासून चर्चिला गेलेला लोंबत्या 'एल्स'चा प्रश्न या प्रकारचा होय. दोन 'इफ' एकात एक असले आणि 'एल्स' एकच असला, तर तो कोणाचा? सी भाषेत तो जवळच्या 'इफ'चा, असा नियम आहे. लिहिणाऱ्याने तो बाहेरच्या 'इफ'खाली सरळ रेषेत लिहिला म्हणून त्याचे नाते बदलत नाही. येथे मांडणी-साधन अत्यंत उपकारक ठरते, कारण ते लेखकाला काय वाटत होते ते न दाखविता यंत्र काय वाचणार आहे ते दाखविते. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या सुरक्षित संपर्काच्या आज्ञावलीत जो दोष उघडकीस आला, त्यात 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली असल्याने ती 'इफ'च्या अधीन दिसत होती. प्रत्यक्षात ती कोणत्याही अटीविना चालत होती आणि त्यामुळे स्वाक्षरीची पडताळणी पूर्ण न होताच पुढे जात होती. यथायोग्य मांडणी केली असती तर ती ओळ डावीकडे सरकली असती आणि वाचणाऱ्याच्या नजरेत भरली असती. जीसीसीने २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत फसव्या समासाविषयी इशारा देण्याची सोय केली, ती याच जातीच्या दोषांसाठी.

'वजन * दर'चा प्रकार मात्र निराळा आहे. तेथे भाषेचा नियम आहे, पण तो लागू करण्यासाठी लागणारी माहिती त्या ओळीबाहेर, कित्येकदा त्या फाईलबाहेर असते. 'रक्कम = (वजन) * दर;' ही ओळ तर अधिकच अवघड. 'वजन' चल असेल तर कंस निरर्थक आणि तारा गुणाकाराचा. 'वजन' प्रकार असेल तर तारा 'दर'च्या पत्त्यावरील किंमत काढणारा आणि कंस त्या किंमतीचे रूपांतर करणारा. सी प्लस प्लस या भाषेत कोनकंसांनी आणखी भर घातली. प्रकारांच्या आत प्रकार लिहिताना शेवटी येणारे दोन कोनकंस जोडून लिहिले तर जुने कंपायलर त्यांना बिट उजवीकडे सरकविण्याचे चिन्ह समजत; म्हणून २०११ च्या प्रमाण आवृत्तीपर्यंत तेथे मध्ये जागा सोडणे बंधनकारक होते. जावास्क्रिप्टमध्ये एकच तिरकी रेघ भागाकाराची असू शकते किंवा शोधनमुन्याच्या आरंभाचीही. त्याच भाषेत 'रिटर्न' या शब्दानंतर ओळ तोडली तर यंत्र तेथे अर्धविराम गृहीत धरते आणि पुढील किंमत परत जातच नाही. अशा भाषेत ओळ कोठे तोडावी हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

नामसूचीचा मार्ग

या अडचणीवरचा सर्वात जुना उपाय साधा आहे: साधनाला प्रकारांची नावे सांगून ठेवणे. युनिक्सच्या परंपरेतील 'इंडेंट' या साधनाला आज्ञा देतानाच प्रकारनामे कळविण्याची सोय आहे. बीएसडी परंपरेतील त्याच्या एका आवृत्तीत विशिष्ट प्रत्ययाने संपणारी नावे प्रकारांची समजावीत असाही पर्याय आहे, म्हणजे जवळजवळ विभक्तिप्रत्ययावरून शब्द ओळखण्यासारखेच.

हा उपाय मोठ्या प्रमाणावर कसा चालतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएल ही मुक्त विदासंचय प्रणाली. तिच्याशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. या प्रणालीवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे कार्यालय पुण्यात आहे, आणि २००८ मधील ८.३ या आवृत्तीत आलेली 'हॉट' ही महत्त्वाची सुधारणा पवन देवलसी यांच्या कामातून आली. या प्रणालीची सी भाषेतील संपूर्ण आज्ञावली 'पीजीइंडेंट' या साधनाने एकसारखी केली जाते. जगात कोठेही लिहिलेली ओळ असो, तिला शेवटी याच चाळणीतून जावे लागते. साधनासोबत प्रकारनामांची एक लांबलचक सूची ठेवलेली असते. निरनिराळ्या यंत्रांवर प्रणाली बांधून पाहणारी जी व्यवस्था आहे, तिच्यातून ही नावे गोळा केली जातात. म्हणजे कंपायलरला जे कळले ते मांडणी-साधनाला उसने दिले जाते.

सूचीत एखादे नाव राहून गेले तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. पॉइंटरच्या जाहीरनाम्यात ताऱ्यानंतर एक आगंतुक जागा येते आणि पॉइंटर गुणाकारासारखा दिसू लागतो. आज्ञावली चालते, कारण कंपायलर त्या जागेकडे लक्ष देत नाही; बिघडते ते वाचन. एका अर्थी ही चूक प्रामाणिक आहे. ती डोळ्यांना दिसते, तिचे कारण ठाऊक आहे आणि सूचीत एक नाव घालून ती दुरुस्त करता येते. उलट बाजूची चूक अधिक त्रासदायक. सूचीला व्याप्ती कळत नाही. एका ठिकाणी प्रकार असलेले नाव दुसऱ्या ठिकाणी साधे चल असू शकते. म्हणूनच 'डेट', 'टाइमस्टॅम्प', 'पॉइंटर' यांसारखी चलांसाठी सर्रास वापरली जाणारी नावे सूचीतून मुद्दाम वगळण्याची तजवीज या साधनात करावी लागली. 'तीन' हा शब्द कोशात आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी तो संख्यावाचकच समजणाऱ्या नवशिक्या मोडी-वाचकासारखीच सूचीची ही मर्यादा आहे.

अंदाजाचा मार्ग

दुसरा मार्ग अंदाजाचा. २०१३ मध्ये पुढे आलेले 'क्लँग-फॉरमॅट' हे साधन त्याचे ठळक उदाहरण होय. या साधनाच्या पाठीशी क्लँग हा पूर्ण कंपायलर असूनही त्याच्या कर्त्यांनी कंपायलरच्या वाक्यविश्लेषणावर न विसंबता पदांच्या क्रमावरून अंदाज बांधण्याची पद्धत स्वीकारली. या निवडीवर टीका करण्यापूर्वी तिची कारणे समजून घेतली पाहिजेत, आणि ती कारणे सबळ आहेत. मांडणी-साधनाला अर्धवट लिहिलेली, अजून न चालणारी आज्ञावलीही हाताळावी लागते. संपादकात निवडलेल्या चार ओळींसाठी शेकडो शीर्षफायली वाचणे परवडत नाही. शिवाय 'इफडेफ'च्या दोन शाखांपैकी कंपायलर एकच पाहतो; मांडणी मात्र दोन्ही शाखांची करावयाची असते. कंपायलरला जे वाचावे लागत नाही तेही या साधनाला वाचावे लागते.

अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. 'वजन * दर;' ही एकटी ओळ आली तर ती जाहीरनामाच असणार, कारण गुणाकार करून उत्तर फेकून देण्यात कोणालाच स्वारस्य नसते. हा तर्क चोख आहे. पण तो 'रक्कम = (वजन) * दर;' येथे उपयोगी पडत नाही आणि मॅक्रोच्या कंसात 'वजन * दर' आले तर तेथेही नाही. असा प्रत्येक अपवाद सापडला की एक नवा तर्क जोडला जातो. तो तर्क आधीच्या दुसऱ्या एखाद्या उदाहरणाला बाधक ठरतो, मग त्यासाठी पोटनियम येतो. २०२३ च्या सतराव्या आवृत्तीत वापरकर्त्याने प्रकारनामे स्वतःच लिहून द्यावीत अशी सोय क्लँग-फॉरमॅटमध्ये आली. म्हणजे जुन्या 'इंडेंट'ला जे आरंभीच मागावे लागले, तेच इतक्या हुशारीनंतर या साधनालाही मागावे लागले. यात कमीपणा नाही. खेद एवढाच की ही सोय अजूनही पर्यायांच्या लांब यादीत एक पर्याय म्हणून उभी आहे, आणि साधन स्वतःहून कधीही विचारत नाही.

आक्षेपाचा खरा मुद्दा येथे आहे. अंदाज करणे हा दोष नव्हे. अंदाज निश्चितीच्या वेषात सादर करणे हा दोष आहे. मोडी कागदांचा जबाबदार संपादक शंकास्पद वाचनापुढे कंसात प्रश्नचिन्ह घालतो. मांडणी-साधनांच्या बोलीत त्या प्रश्नचिन्हाला प्रतिशब्दच नाही. साधनाला ज्या ओळीची खात्री नाही आणि ज्या ओळीची पूर्ण खात्री आहे, त्या दोन्ही ओळी सारख्याच नेटक्या होऊन बाहेर पडतात. संदिग्ध स्थळी लेखकाने सोडलेली जागा तशीच ठेवणे आणि त्या स्थळाची नोंद वेगळी देणे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम नाही. अंदाजाच्या दोन शाखांपैकी कोणती किती पुराव्याने निवडली, हे साधनाच्या अंतरंगात कोठेतरी ठरतच असते. सुधारणेची चर्चा मात्र बहुतांशी अंदाज अधिक हुशार कसा करता येईल याभोवतीच फिरते.

शाकल्य आणि यास्क

या ठिकाणी एका फार जुन्या वादाचे स्मरण होते. ऋग्वेदाच्या संहितेचा संधी सोडवून पदपाठ करणाऱ्या शाकल्याने दहाव्या मंडलातील एका ऋचेत 'वायः' या अक्षरसमूहाची 'वा' आणि 'यः' अशी दोन पदे पाडली. यास्काने निरुक्ताच्या सहाव्या अध्यायात त्यावर आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे असे की, तेथे 'यः' हे संबंधी सर्वनाम मानले तर वाक्यातील क्रियापद उदात्त व्हावयास हवे होते, ते तसे नाही. आणि अर्थही पूर्ण होत नाही. आक्षेपाची पद्धत लक्षणीय आहे. पदच्छेद बरोबर की चूक हे त्या पदाकडे टक लावून न ठरविता वाक्यात दूर असलेल्या क्रियापदाच्या स्वराची साक्ष काढून ठरविले आहे. एकाच नावाभोवतीची दोन-चार पदे पाहून निर्णय देणाऱ्या आधुनिक साधनांना या पद्धतीपासून घेण्यासारखे बरेच आहे.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे यास्काला आक्षेप घेता आला, कारण पदपाठाने संहितेची जागा घेतली नव्हती. दोन्ही पाठ शेजारी शेजारी जतन होत राहिले. मांडणी-साधन मात्र मूळ फाईलवरच आपले वाचन लिहून टाकते. 'गिट'सारख्या आवृत्तिजतनाच्या व्यवस्थेत जुना पाठ सापडतो हे खरे. पण तेथेही कोणती ओळ कोणी लिहिली हे पाहू गेले तर मूळ लेखकाऐवजी मांडणी करणाऱ्याचे नाव पुढे येते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या संचात अशा केवळ मांडणीच्या नोंदी दुर्लक्षिण्यासाठी एक स्वतंत्र फाईल ठेवावी लागली आहे.

निदान अर्थ बदलला नाही एवढी तरी ग्वाही साधनाने द्यावी, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती पूर्ण करणारी साधने आहेत. पायथॉन या भाषेसाठी २०१८ मध्ये लुकाश लांगा यांनी पुढे आणलेले 'ब्लॅक' हे साधन मांडणीपूर्वीच्या आणि मांडणीनंतरच्या आज्ञावलीचे वाक्यवृक्ष ताडून पाहते. ते समतुल्य नसतील तर ते काम नाकारते. सी आणि सी प्लस प्लसमध्ये असे ताडून पाहणे वर सांगितलेल्या कारणांमुळे कठीण आहे. तथापि, ही ग्वाही फक्त यंत्राच्या वाचनाविषयी असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. 'वजन *दर' आणि 'वजन * दर' यांचा वाक्यवृक्ष एकच. दिशाभूल होते ती मनुष्याची, आणि तिची मोजदाद कोणत्याही वृक्षात होत नाही.

भाषाच बदलण्याचा मार्ग

गो या भाषेच्या कर्त्यांनी प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. २००९ मध्ये जाहीर झालेल्या या भाषेची रचनाच अशी केली गेली की नामसूचीविना तिचे वाक्यविश्लेषण करता यावे. जाहीरनाम्यात नाव आधी आणि प्रकार नंतर येतो. 'गोएफएमटी' हे मांडणी-साधन भाषेबरोबरच आले आणि त्यात आवडीनिवडीला फारसा वाव ठेवला गेला नाही. परिणामी या भाषेत मांडणीविषयीचे वाद जवळपास संपले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि, २०२२ मध्ये १.१८ या आवृत्तीत प्रकारांना प्राचल देण्याची सोय आली तेव्हा जुना पाहुणा मागील दाराने परतला. कोनकंस घेतले असते तर लहान-मोठेपणाच्या तुलनेशी घोटाळा झाला असता. म्हणून चौकोनी कंस घेतले गेले. पण चौकोनी कंस याद्यांच्या लांबीसाठीही वापरले जातात. त्यामुळे प्रकाराच्या जाहीरनाम्यात चौकोनी कंसात दोन नावे आणि मध्ये तारा आला तर तो गुणाकार की पॉइंटर, हा प्रश्न याही भाषेत उभा राहिला. भाषेच्या अधिकृत नियमपत्रातच या स्थळाची नोंद असून, प्राचलच अभिप्रेत असेल तर शेवटी एक जादा स्वल्पविराम द्यावा किंवा रचना बदलावी, असा मार्ग सांगितला आहे. संदिग्धता मान्य करून ती लेखकाकडून सोडवून घेण्याचा हा मार्ग डोळे मिटून केलेल्या अंदाजापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

अध्यापनाच्या अंगाने

पदवी स्तरावरील संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात संदिग्ध व्याकरण हा घटक परिचित आहे. एकाच वाक्याचे दोन वृक्ष काढून दाखवा, व्याकरण संदिग्ध असल्याचे सिद्ध करा, अशा स्वरूपाचे प्रश्न परीक्षेला विचारले जातात आणि विद्यार्थी ते व्यवस्थित सोडवितात. परंतु ते दोन वृक्ष वहीतच राहतात. प्रयोगशाळेत तोच विद्यार्थी एक कळ दाबून आज्ञावली नीटनेटकी करून घेतो, आणि त्या कळेमागे त्यानेच काल काढलेल्या दोन वृक्षांपैकी एक कोणीतरी परस्पर निवडला आहे, याची त्याला कल्पना नसते. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या बाबतीत याचे गांभीर्य अधिक आहे. त्याच्यासमोर अनुभवी व्यक्तीने लिहिलेली आज्ञावली क्वचितच येते. साधनाने दाखविलेली मांडणी हाच त्याचा वाचनाचा संस्कार होतो. ताऱ्यामागची एक आगंतुक जागा त्याला पॉइंटर आणि गुणाकार यांविषयी दीर्घकाळ गोंधळात ठेवू शकते.

यासाठी महागड्या सामग्रीची गरज नाही. 'रक्कम = (वजन) * दर;' ही एकच ओळ दोन फायलींत लिहावी; एकीत 'वजन' हे चल ठेवावे, दुसरीत शीर्षफाईलमधून आणलेले प्रकारनाम ठेवावे. दोन्ही फायली उपलब्ध मांडणी-साधनातून काढून ताऱ्याभोवतीची जागा पाहावी, मग साधनाला प्रकारनाम कळवून पुन्हा पाहावी. मराठी विभागाच्या सहकार्याने त्याच तासात एखादी मोडी ओळ फळ्यावर लिहून तिचे पदच्छेद विद्यार्थ्यांकडून करवून घेतले, तर किती वाचने निघतात आणि ती कोणत्या पुराव्यावर निघतात, हे दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना एकाच फळ्यावर पाहता येईल.